गाडीचं मॉडेल किट स्वस्तात कसं मिळवायचं: स्वॅप मीटचं टेबल की घरबसल्या पार्सल

मागच्या ऑक्टोबरात ओहायोतल्या टोलिडोच्या स्वॅप मीटमध्ये, म्हणजे छंदिष्टांच्या जुन्या-नव्या मालाच्या बाजारात, एका टेबलाशी उभी राहून मी मॉडेल किटच्या (भाग जोडून बनवायच्या छोट्या प्लास्टिकच्या गाडीच्या) डब्यातले टायर मोजत होते. चार हवे होते, तीनच सापडले. टेबलामागचे आजोबा म्हणाले, "नवऱ्यासाठी घेतेयस का?" म्हटलं, "नाही, माझ्यासाठीच. पण यात एक टायर कमी आहे." त्यांनी काही न बोलता टेबलाखालून बुटाचं खोकं ओढलं. ते अर्धं सुट्या टायरांनी भरलेलं होतं. दोघांनी मिळून जोडीचा टायर शोधला, आणि मग डब्यावरची बारा डॉलरची चिठ्ठी त्यांनीच सोलून काढली. "आठ दे."

हाच डबा मी ऑनलाइन घेतला असता, तर टायर कमी असल्याचं आठवड्याने कळलं असतं आणि पुढचा आठवडा विकणाऱ्याला फोटो पाठवण्यात गेला असता. म्हणून स्वॅप मीट नेहमी स्वस्तच पडतं असं मात्र नाही. कितीदा उलटंच होतं. इतकी वर्षं दोन्हीकडे पैसे घालवून माझं मत असं झालंय, की जे उघडून बघावं लागतं ते टेबलावर घ्यावं, आणि जे नावानिशी ठाऊक आहे ते घरबसल्या मागवावं.

आमच्या लहानपणी सांगलीत असली किटं बघायलाही मिळत नसत. डेट्रॉइटला नोकरीसाठी आले तेव्हा कळलं, की या छंदाचं माहेरच इथे आहे. किटं काढणाऱ्या जुन्या कंपन्यांपैकी एएमटी शेजारच्या ट्रॉय गावची, एमपीसी माउंट क्लेमेन्सची, जो-हॅन खुद्द डेट्रॉइटची. तुम्ही अमेरिकेत नवे असाल आणि पहिलंवहिलं किट घ्यायचं मनात असेल, तर पुढच्या गोष्टी याच क्रमाने करा.

पायरी १: त्या किटचा साचा अजून चालू आहे का ते बघा

भाव सगळा यावर ठरतो, आणि नवखा माणूस इथेच फसतो. डबा जुना, रंग उडालेला, कोपरे दबलेले, म्हणजे दुर्मीळ असणार, असं आपल्याला वाटतं. पण कंपन्या तोच पोलादी साचा वर्षानुवर्षं वापरतात. दहा-पंधरा वर्षांनी नवं चित्र, नवे डीकल (पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायची चित्रं आणि अक्षरं) घालून तीच गाडी पुन्हा दुकानात येते. एएमटी आणि एमपीसी ही दोन्ही नावं आज इंडियानातल्या साउथ बेंडच्या राउंड टू कंपनीकडे आहेत, आणि जुने साचे झाडूनपुसून बाहेर काढणं हा त्यांच्या धंद्याचा मोठा भाग आहे. रेव्हेल आणि मोनोग्राम या किटांच्या आणखी दोन कंपन्या १९८६ मध्ये एकत्र झाल्या. त्यांच्याही कित्येक गाड्या अशाच फिरून फिरून येतात. जे किट आज नवं तीस-पस्तीस डॉलरला मिळतंय, त्याच्या चाळीस वर्षं जुन्या डब्याला साठ मोजायचे, तर ते जास्तीचे पैसे खोक्यावरच्या चित्राचे. संग्रहच करायचा असेल तर खुशाल द्या. बांधायचं असेल तर नवं घ्या, त्यातले डीकल तरी ताजे असतात.

आता खरोखर महाग असतात ती कुठली? एएमटी १९४८ मध्ये सुरू झाली ती डीलरांच्या शोरूमसाठी छोट्या गाड्या करून द्यायला. १९५८ पासून त्याच साच्यांवर किटं येऊ लागली. डेट्रॉइटच्या मोटर कंपन्या दरवर्षी गाडीचा मुखडा बदलायच्या, मागचे दिवे बदलायचे. मग किटवाले त्याच साच्यात फेरफार करून पुढच्या वर्षाची गाडी काढायचे. या किटांना 'अ‍ॅन्युअल' म्हणतात. साचा पुढच्या वर्षासाठी कोरला, की आधीच्या वर्षाची गाडी गेली ती गेलीच. ती पुन्हा काढायची तर साचा नव्याने करावा लागतो. म्हणून साठच्या दशकातल्या न बांधलेल्या अ‍ॅन्युअलला मागतील तो भाव येतो. पहिल्या वर्षी तुम्ही त्यांच्या वाटेला जाऊ नका.

साचा चालू आहे का हे शोधायला स्केलमेट्स ही साइट पुरते. किटचं नाव किंवा डब्यावरचा क्रमांक टाकला, की ते पहिल्यांदा कधी आलं, कुठल्या डब्यांतून पुन्हा आलं, यांची वंशावळच समोर येते. मी फोनवर ती उघडी ठेवूनच टेबलांमधून फिरते.

मापाचंही इथेच बघून घ्या. एएमटी, एमपीसी, जो-हॅन बहुतेक १/२५ (म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या भागाएवढी), मोनोग्राम आणि जपानी कंपन्या बहुतेक १/२४. फडताळात शेजारी ठेवलं तर फारसं जाणवत नाही, पण एकाची चाकं दुसऱ्याला लावायला गेलात की जाणवतं.

पायरी २: घरी बसून हिशेब करा

माझ्या घरापासून टोलिडो जाऊन-येऊन साधारण १२० मैल. पेट्रोल आणि प्रवेशाचे पैसे धरून २३ डॉलरच्या आसपास जातात. तिथे बरं किट १५ला मिळालं आणि एकच घेऊन परतले, तर ते मला ३८ला पडलं. तेच किट ऑनलाइन १४ला दिसतं. त्यावर टपालखर्च ११ आणि मिशिगनचा सहा टक्के विक्रीकर धरला की २६. म्हणजे दोन किटं घेतली तर जेमतेम बरोबरी, तिसऱ्यापासून स्वॅप मीट स्वस्त. तुमचे आकडे वेगळे येतील, पण निघण्यापूर्वी ते कागदावर मांडा. एका किटसाठी शंभर मैल गाडी हाकायची, तर ती हौस म्हणून हाकावी, बचत म्हणून नव्हे. (हौस म्हणून मी दरवर्षी जाते, ते सोडा.)

पायरी ३: मेळावे शोधा

पहिलं नाव टोलिडोच्या एनएनएलचं. हा मेळावा १९८० पासून चालतो. तिथे परीक्षक नसतात. लोक आपापल्या गाड्या टेबलावर मांडतात, एकमेकांच्या बघतात, आणि सोबत विक्रीची टेबलं असतात. याच धर्तीवर न्यू जर्सीत एनएनएल ईस्ट भरतो, आणि इतर राज्यांतही याच नावाचे मेळावे निघालेत. दुसरे म्हणजे आयपीएमएस या प्लास्टिक मॉडेलवाल्यांच्या संघटनेच्या स्थानिक क्लबांचे वार्षिक शो. त्यांत विमानं आणि रणगाडे जास्त, पण विक्रीच्या खोलीत गाड्यांची खोकी असतातच, आणि विमानवाल्या विक्रेत्याला गाड्यांचा भाव नीट ठाऊक नसतो. यात काय दडलंय ते तुम्हाला कळलंच असेल.

पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात ऑक्टोबरात खऱ्या जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा प्रचंड बाजार भरतो. कार्ब्युरेटर आणि बंपरांच्या ढिगात मधेच एखाद्याकडे किटांची खोकी निघतात. पण तिथे फक्त किटांसाठी जाऊ नका, पाय मोडतील.

पायरी ४: त्या दिवशी

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात ज्याने चार रविवार काढलेत, त्याला स्वॅप मीट शिकवावं लागत नाही. दार उघडताना चांगला माल असतो, दार बंद होताना चांगला भाव. दुर्मीळ काही हवं असेल तर सकाळी रांगेत उभं राहा. स्वस्त हवं असेल तर शेवटच्या तासात पुन्हा एक फेरी मारा. कुणालाच सगळी खोकी परत गाडीत भरायची नसतात.

रोख न्या, आणि तीही पाच, दहा आणि एकच्या नोटांत. अकरा डॉलरवर सौदा ठरला आणि हातात पन्नासची नोट, तर समोरचा हसतो आणि तुमचा हात सैल पडतो. एक मोठी कापडी पिशवी, हव्या असलेल्या किटांची यादी, आणि घरात आधीच काय आहे त्याची दुसरी यादी. ही दुसरी विसरू नका. माझ्याकडे एकच पिकअप ट्रक तीनदा आलाय.

घासाघीस करावी का? करावी, पण मंडईतल्यासारखी नाही. "इतकं महाग? ऑनलाइन अर्ध्यात मिळतं" असं म्हटलंत की इथे माणूस तोंड फिरवतो. मी दोन-तीन डबे एकावर एक ठेवते आणि विचारते, "तिन्ही घेतले तर काय घ्याल?" बहुतेक वेळा आकडा त्यांच्याच तोंडून येतो, आणि मी म्हटला असता त्याहून कमी येतो. एकट्या डब्याला मी दहा-पंधरा टक्क्यांच्या वर ताणत नाही. ही माणसं पुढच्या वर्षी त्याच टेबलामागे असतात, आणि त्यांना चेहरे लक्षात राहतात.

पायरी ५: डबा उघडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आधी विचारा, "उघडून बघू का?" नाही म्हणणारा क्वचित भेटतो. नाही म्हणालाच तर पुढच्या टेबलाकडे वळा.

प्लास्टिक गुंडाळलेलं आहे म्हणजे आतलं शाबूत, असं समजू नका. ते पातळ आवरण नव्याने चढवायचं यंत्र कुणीही विकत घेऊ शकतं. मला तर उघडा डबा आणि आत कंपनीच्या बंद पिशव्या हे जास्त भरवशाचं वाटतं.

पहिल्यांदा सूचनांचा कागद शोधा. तो नसेल तर भाग मोजणार कशावरून? मग बॉडी हातात घ्या. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब काडीसारखे बारीक असतात आणि वर इतर वजन पडलं की तडकतात. छताला नखाने हलकेच दाबून बघा. उजेडाकडे धरून डावी-उजवी बाजू एका रेषेत आहे का ते पाहा. उन्हाळ्यात पोटमाळ्यावर पडलेल्या किटची बॉडी पिळवटलेली निघते.

त्यानंतर काचा आणि टायर. या दोघांचं जुनं वैर आहे. जुन्या किटांचे टायर मऊ व्हिनाइलचे. त्या व्हिनाइलमधला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू बाहेर झिरपतो आणि ज्या प्लास्टिकला टेकलाय ते वितळवतो. वीस वर्षं टायर काचेला टेकून पडला, तर काचेवर त्याच्या नक्षीचा गोल ठसा उमटतो, आणि तो घासून जात नाही. बॉडीवर पडला तर पुट्टी भरून झाकता येतो. काचेवरचा म्हणजे काच गेली. टायर मोजताना मागचे रुंद, पुढचे अरुंद असा प्रकार आहे का तेही बघा. चारही आहेत, पण सगळे पुढचेच, असंही हाती आलंय.

क्रोमचे भाग ज्या चौकटीला चिकटून येतात, तिला इथे ट्री म्हणतात. त्यावर रिकामी देठं दिसली, तर तिथला भाग तळाशी सुटा पडलाय का हे शोधा. सुटे भाग असणं वाईट नाही, नाहीसे असणं वाईट. डीकल पिवळे पडले असतील तर घाबरू नका: कागद झिपच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, ऊन आठवड्या-दोन आठवड्यांत पिवळेपणा बराच खेचून घेतं. मात्र डीकलवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा असतील तर ते पाण्यात टाकताच तुकडे होतात. ते नाहीतच असं धरून भाव करा.

शेवटी, डब्यावर जी गाडी आहे तीच आत आहे ना? हसू नका. दोन अर्धवट किटांचा एक पूर्ण डबा करून विकणारे असतात, आणि कितीदा त्यांनाही ते माहीत नसतं. वडील गेल्यावर मुलाने पोटमाळा रिकामा करून आणलेला असतो. या छंदात आयुष्यभर बांधून संपणार नाही एवढा साठा प्रत्येकाकडे होतो, आणि तो असा टेबलावर येतो. तशा टेबलाशी मी घासाघीस करत नाही. हे तुमच्यावर आहे.

पायरी ६: टेबलाखालची खोकी

पहिल्या वर्षासाठी माझी सगळ्यात ठाम शिफारस 'ग्लू बॉम्ब'ची. पन्नास वर्षांपूर्वी कुणा दहा वर्षांच्या मुलाने ट्यूबभर गोंद ओतून, ब्रशने लाल रंग फासून जोडलेली गाडी. टेबलाखाली तीन-चार डॉलरला पडलेली असते. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की जुना गोंद ठिसूळ होतो आणि सांधे हलक्या हाताने सुटतात. आमच्याकडे आइस्क्रीमच्या शेजारी एक शेव्हरले बरेच दिवस होती, कुणी काही बोललं नाही. रंग काढायला ऑटो पार्टच्या दुकानातल्या जांभळ्या डिग्रीझरमध्ये (तेलकट मळ काढायच्या द्रावणात) दोन-तीन दिवस बुडवून जुन्या टूथब्रशने घासायचं. हातमोजे घाला, ते द्रावण कातडी जाळतं. क्रोम काढायचा असेल तर साधं ब्लीच पुरतं, पण ते वेगळ्या भांड्यात, आणि दुसऱ्या कुठल्याही रसायनात न मिसळता. हे सगळं शिकताना बिघडलं तरी तीन डॉलरच गेले.

पायरी ७: ऑनलाइन घेताना

ईबेवर समोर दिसतो तो भाव नव्हे, ती मागणी आहे. ९० डॉलर लावून तीन वर्षं पडून असलेले डबे तिथे ढिगाने आहेत. शोधताना 'विकल्या गेलेल्या वस्तू' ही खूण लावा. मग लोकांनी प्रत्यक्ष काय मोजलं ते दिसतं. त्यातले वरचे दोन-तीन आणि खालचे दोन-तीन सोडून द्या, मधला आकडा वहीत लिहा. स्वॅप मीटला जाताना हीच वही कामाला येते.

चुकीचं स्पेलिंग टाकून शोधा. 'कॅमारो' या नावातल्या मधल्या ए ऐवजी ई लिहिणारे विक्रेते इतके आहेत की ते टाकलं की वेगळंच दुकान उघडतं, आणि बोली लावायला गर्दी नसते. सुट्या डब्यांपेक्षा 'लॉट' बघा: सहा-आठ किटं एकत्र, एकच टपालखर्च. त्यातली दोन ठेवायची, बाकीची पुढच्या स्वॅप मीटला न्यायची. एकाच विक्रेत्याकडून दोन-तीन घेत असाल, तर पैसे भरण्याआधी एकत्र पाठवण्याचा खर्च विचारा.

वर्णनातले शब्द नीट वाचा. 'स्टार्टेड' म्हणजे कुणीतरी गोंद लावलाय. 'बिल्डर' म्हणजे आधीच बांधलेली गाडी. 'फॉर पार्ट्स' म्हणजे पूर्ण होणार नाही, आशा सोडा. आणि 'कम्प्लीट अ‍ॅज फार अ‍ॅज आय नो' म्हणजे त्याने मोजलेलं नाही.

या शेवटच्या शब्दांवर मी एकदा २२ डॉलर घालवलेत. फोटो एकच, डब्याच्या झाकणाचा. आत इंजिनाचा अर्धा भाग नव्हता आणि काचेच्या जागी कापलेलं पारदर्शक पाकीट. तेव्हापासून नियम: आतल्या सगळ्या भागांचा पसरून काढलेला फोटो नसेल तर मागायचा, दिला नाही तर घ्यायचं नाही. वर्णनाशी न जुळणारी वस्तू आली तर पोचल्यापासून ३० दिवसांत ईबेकडे तक्रार करता येते, तेव्हा पार्सल कपाटात न ठेवता त्याच संध्याकाळी उघडून मोजा.

नव्या, चालू किटांसाठी मात्र मी सरळ ऑनलाइन दुकानं बघते. तिथे उघडून बघण्यासारखं काही नसतं. जिथे टपालासकट कमी, तिथे घ्यायचं. हॉबी लॉबी या छंदाच्या सामानाच्या दुकानांचं प्रसिद्ध ४० टक्क्यांचं कूपन २०२१ मध्ये बंद झालं, तरी दुकानाच्या क्लिअरन्सच्या फळीवर नजर टाकायला हरकत नाही. जपानहून टामिया, आओशिमा, फुजिमी या तिथल्या कंपन्यांची किटं थेट मागवणं पूर्वी फार स्वस्त पडायचं. ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलांची आयातशुल्काची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबली, त्यामुळे तो हिशेब आता शुल्क धरून करा.

गावी न्यायचं असेल तर

पुण्या-कोल्हापुरातल्या भाच्याला किट पोस्टाने पाठवण्याआधी थांबा. भारतात खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०, आणि छोट्या प्रमाणातली मॉडेल्स खेळण्यांच्याच सदरात मोजतात. पाठवायच्या दिवशीचा दर बघून घ्या. मी स्वतः बॅगेतून नेते. डबा रिकाम्या जागेसकट नेण्यात अर्थ नाही: सगळे भाग पिशव्यांत, पिशव्या कपड्यांच्या घडीत, आणि झाकण सपाट करून बॅगेच्या तळाशी. गोंद आणि स्प्रेचे रंग ज्वलनशील म्हणून विमानात चालत नाहीत, चेक-इनच्या बॅगेतही नाही. ते तिकडेच घ्यायला सांगा. आणि टायर काढून वेगळ्या झिपच्या पिशवीत घाला. घरी ठेवलेल्या किटांचेही आजच काढा.